प्रयोगशाळेतील उंदरांची निवासव्यवस्था : प्राणिकल्याण आणि संशोधनाचा दर्जा

नवे औषध, लस किंवा कीटकनाशक बाजारात येण्यापूर्वी त्याची सुरक्षितता आणि परिणामकारकता यांची प्राथमिक तपासणी बहुतांशी प्राण्यांवर होते. या कामासाठी जगभर सर्वाधिक वापरला जाणारा सस्तन प्राणी म्हणजे इंग्रजीत ज्याला माउस म्हणतात तो लहान उंदीर. प्राण्यांवरील प्रयोगांची चर्चा करताना आपले लक्ष साधारणतः प्रयोगाच्या क्षणाकडे, म्हणजे टोचलेल्या सुईकडे किंवा शस्त्रक्रियेकडे असते. वस्तुतः उंदराच्या आयुष्यातील असे क्षण थोडे असतात. उरलेले सर्व दिवस आणि रात्री तो पिंजऱ्यात काढतो. त्या पिंजऱ्यात काय आहे आणि काय नाही, याचा परिणाम त्याच्या वर्तनावर, मेंदूवर आणि शरीरक्रियांवर होतो. साहजिकच तो प्रयोगातून निघणाऱ्या निष्कर्षांवरही होतो.

हा विषय सामान्य अध्ययनातील राज्यघटना, विज्ञान व तंत्रज्ञान आणि नीतिशास्त्र या तीनही घटकांशी निगडित आहे. त्यात अर्थशास्त्राचाही महत्त्वाचा भाग आहे. उंदराला नेमके काय हवे आहे, हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी मागणीच्या सिद्धांताचाच आधार घेतला आहे. म्हणून प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार प्राणिकल्याण, संशोधनाचा दर्जा आणि सार्वजनिक खर्च अशा तीन बाजूंनी केला आहे.

पार्श्वभूमी

प्रयोगशाळेतील उंदराचा आधुनिक इतिहास विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू होतो. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९०९ मध्ये सख्ख्या भावंडांचा पिढ्यानपिढ्या संकर करून जवळजवळ एकसारखी जनुके असलेला वाण तयार करण्यास प्रारंभ केला. पुढे १९२९ मध्ये त्यांनी अमेरिकेतील मेन राज्यात जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली. उंदराच्या जनुकसंचाचा आराखडा २००२ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला आणि या प्राण्याचे संशोधनातील स्थान अधिकच पक्के झाले. लहान आकार, जलद प्रजनन, अल्प आयुर्मान आणि माणसाशी असलेले जनुकीय साम्य ही त्याच्या निवडीची प्रमुख कारणे होत.

पिंजऱ्याची रचना मात्र उंदराच्या गरजेपेक्षा माणसाच्या सोयीने ठरत गेली. स्वच्छ करण्यास सोपा, एकावर एक रचता येणारा आणि आतील प्राणी बाहेरून सहज दिसेल असा पारदर्शक डबा, तळाशी भुसा, वर तारेची जाळी, तीत अन्न आणि पाण्याची बाटली, असे त्याचे स्वरूप रूढ झाले. अमेरिकेतील प्रचलित मार्गदर्शक तत्त्वांनुसार २५ ग्रॅमपर्यंत वजनाच्या उंदरामागे सुमारे ७७ चौरस सेंटिमीटर जागा पुरेशी मानली जाते. आपल्या टपाल खात्याचे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब व ९ सेंटिमीटर रुंद, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर असते. तेव्हा एका उंदराच्या वाट्याला येणारी जागा पोस्टकार्डाच्या दोन तृतीयांशापेक्षाही कमी ठरते.

निसर्गातील उंदीर निशाचर आहे. तो बिळात राहतो, घरटे बांधतो, कुरतडतो, अन्न शोधत हिंडतो आणि धोका दिसताच लपतो. रिकाम्या डब्यात अन्न-पाणी मिळते, परंतु यांपैकी बहुतेक क्रियांना वावच उरत नाही.

उणिवेची लक्षणे

अशा उणिवेची सर्वांत ठळक खूण म्हणजे साचेबंद वर्तन. ज्या हालचाली एकाच पद्धतीने, वारंवार आणि कोणत्याही उघड हेतूशिवाय केल्या जातात, त्यांना ही संज्ञा आहे. जाळीची तार सतत चावत राहणे, एकाच कोपऱ्यात उड्या मारणे, छताला लटकून गोल फिरणे ही त्याची उदाहरणे होत. हानो व्युर्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमध्ये १९९० च्या दशकात केलेल्या अभ्यासांतून असे दिसून आले, की तार चावण्याच्या सवयीचे मूळ पिंजऱ्यातून बाहेर पडण्याच्या प्रयत्नात असते. आईपासून वेगळे केल्यानंतर पिल्लू बाहेर पडण्याची वाट शोधते, ती सापडत नाही आणि प्रयत्नाची सवय होऊन बसते. हे वर्तन मुख्यतः रात्री घडते. दिवसा कामावर येणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नजरेस ते पडत नाही, म्हणून दीर्घकाळ त्याकडे दुर्लक्ष झाले.

दुसरी उणीव तापमानाची आहे. प्रयोगशाळांत साधारणतः २० ते २४ अंश सेल्सियस तापमान राखले जाते. अंगात कोट घालून काम करणाऱ्या माणसाला ते सुखद वाटते. उंदराचे शरीर लहान असल्याने वजनाच्या तुलनेत त्याची उष्णता फार लवकर निघून जाते. जादा ऊर्जा न खर्चता शरीराची ऊब टिकवण्यासाठी त्याला सुमारे ३० अंश तापमान लागते. म्हणजेच नेहमीच्या पिंजऱ्यातील उंदीर सतत थोडा गारठलेला असतो. याचा परिणाम किती दूरवर पोहोचतो, हे अमेरिकेतील बफेलो येथील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. ३० ते ३१ अंश तापमानात ठेवलेल्या उंदरांमध्ये कर्करोगाच्या गाठींची वाढ २२ ते २३ अंशांत ठेवलेल्या उंदरांपेक्षा मंद होती आणि त्यांची प्रतिकारशक्ती गाठींना अधिक प्रभावीपणे तोंड देत होती. कर्करोगावरील औषधाची परीक्षा घेताना खोलीचे तापमानही परीक्षेत भाग घेत असते, असा याचा अर्थ होतो.

परिसर-समृद्धी म्हणजे काय?

पिंजऱ्यातील परिसरात असे बदल करणे, की ज्यामुळे प्राण्याला त्याच्या जातीचे स्वाभाविक वर्तन करता येईल, याला परिसर-समृद्धी म्हणतात. उंदराच्या बाबतीत तिचे मुख्य प्रकार पाच आहेत : घरट्यासाठी कागदाच्या लांब पट्ट्या किंवा तत्सम सामग्री, लपण्यासाठी नळी अथवा छोटे घर, कुरतडण्यासाठी लाकडाचा तुकडा, चढण्या-धावण्याची सोय, आणि सोबत, म्हणजे शक्य तेथे एकट्याऐवजी गटात राहणे. पिंजरा माणसाच्या डोळ्यांना आकर्षक दिसणे हा समृद्धीचा निकष नाही. उंदराने त्या वस्तूचा उपयोग केला पाहिजे आणि त्यामुळे त्याच्या स्थितीत मोजता येण्याजोगा फरक पडला पाहिजे.

परिसराचा मेंदूवर होणारा परिणाम या दृष्टीने लक्षणीय आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४७ मध्ये असे निरीक्षण नोंदवले, की घरात मोकळेपणाने वाढवलेले मोठे उंदीर, म्हणजे रॅट, पिंजऱ्यात वाढलेल्यांपेक्षा भूलभुलैयासारख्या चाचण्या अधिक चांगल्या सोडवतात. १९६० च्या दशकात बर्कले येथे मार्क रोझेनझ्वाइग, मेरियन डायमंड आदींनी समृद्ध परिसरातील उंदरांच्या मेंदूच्या बाह्यकवचात वजन व रसायने यांचा फरक दाखवला. १९९७ मध्ये गेर्ड केंपरमन, फ्रेड गेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ माउसच्या मेंदूतील स्मृतीशी संबंधित भागात समृद्ध परिसरामुळे नव्या चेतापेशींची संख्या वाढते, असे सिद्ध केले. २००० मध्ये तर हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकाराचे जनुक असलेल्या उंदरांमध्येही समृद्ध परिसरामुळे लक्षणे उशिरा प्रकट झाल्याचे आढळले. जनुके तीच असतानाही केवळ पिंजरा बदलल्याने आजाराची गती बदलली.

मागणीचा सिद्धांत आणि उंदराची पसंती

उंदराला काय हवे आहे, हे कसे ठरवायचे? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पसंतीची चाचणी. दोन पिंजरे नळीने जोडायचे, एकात कागदाच्या पट्ट्या ठेवायच्या, दुसरा रिकामा ठेवायचा आणि उंदीर कोठे अधिक वेळ घालवतो ते पाहायचे. या चाचणीला मर्यादा आहे. चहा व कॉफी यांतून एखाद्याने चहा निवडला, तर चहावाचून त्याचे हाल होतात असे आपण म्हणू शकत नाही. पसंती आणि गरज यांत फरक आहे.

हा फरक मोजण्यासाठी ऑक्सफर्डच्या प्राणिवर्तनतज्ज्ञ मेरियन डॉकिन्स यांनी १९८० च्या दशकात अर्थशास्त्रातील मागणीच्या लवचिकतेची संकल्पना पुढे आणली. विद्यार्थ्यांना हे परिचित आहेच, की किंमत वाढली तरी ज्या वस्तूची मागणी फारशी घटत नाही ती आवश्यक वस्तू, आणि थोड्या किंमतवाढीने जिची मागणी झपाट्याने घटते ती चैनीची वस्तू. मिठाची मागणी ताठर असते, दागिन्यांची लवचिक. प्राण्याकडे पैसा नसतो, पण श्रम असतात. तेव्हा एखादी वस्तू मिळवण्यासाठी किती वेळा दांडी दाबावी लागेल किंवा किती वजनाचे दार ढकलावे लागेल, ही त्या वस्तूची किंमत मानता येते. किंमत वाढवत नेली तरी प्राणी ती मोजत राहिला, तर ती त्याची गरज समजावी. प्राण्याला आपली गरज शब्दांत सांगता येत नाही, परंतु ती भागवण्यासाठी तो किती कष्ट उपसतो हे मोजता येते.

या पद्धतीचे गाजलेले उदाहरण २००१ मधील आहे. जॉर्जिया मेसन आणि सहकाऱ्यांनी फरसाठी पाळल्या जाणाऱ्या मिंक या प्राण्याला निरनिराळ्या सोयींकडे नेणारी वजनदार दारे उपलब्ध करून दिली. मिंकने पोहण्याच्या टाकीसाठी सर्वाधिक किंमत मोजली. टाकी बंद करताच त्याच्या शरीरातील तणावाच्या संप्रेरकात झालेली वाढ अन्न बंद केल्यावर होणाऱ्या वाढीइतकीच होती. मिंकच्या किती पिढ्या पिंजऱ्यात जन्मल्या, हे येथे गौण ठरले. पाण्याची ओढ कायम होती.

उंदराच्या बाबतीत २०१२ मध्ये ब्रायना गॅसकिल, जोसेफ गार्नर आदींनी केलेला प्रयोग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष जवळचा वाटेल. त्यांनी तीन वाणांच्या उंदरांना जोडपिंजऱ्यांत ठेवले. एक पिंजरा २० अंश तापमानाचा होता आणि त्यात घरट्यासाठी ० ते १० ग्रॅम सामग्री दिली जात असे. दुसऱ्या पिंजऱ्यात सामग्री नव्हती, मात्र त्याचे तापमान २० ते ३५ अंशांच्या दरम्यान ठेवलेले असे. म्हणजे उंदरापुढे ऊब आणि घरटे यांची निवड होती. अर्थशास्त्राच्या भाषेत या दोन परस्परपर्यायी वस्तू होत. सामग्री थोडी असताना उंदीर उबदार पिंजऱ्याकडे जात आणि सामग्रीही तिकडे वाहून नेत. सामग्री वाढवत नेल्यावर हे स्थलांतर कमी झाले. ६ ते १० ग्रॅम सामग्री मिळाली, की उबेचा शोध सोडून घरटे बांधण्याकडे त्यांचा कल वळला. यावरून नेहमीच्या तापमानात प्रत्येक पिंजऱ्यात किमान ६ ग्रॅम सामग्री असावी, अशी शिफारस संशोधकांनी केली. वातानुकूलनाचा खर्च न वाढवता, मूठभर कागदात उंदीर स्वतःचे हवामान स्वतः तयार करतो.

आक्षेप आणि उत्तर

परिसर-समृद्धीला वैज्ञानिकांकडूनच बराच काळ विरोध झाला. रिकामा पिंजरा सर्वत्र सारखा असतो. समृद्ध पिंजऱ्यात प्रत्येक उंदराचा अनुभव वेगळा होईल, निष्कर्षांतील विचलन वाढेल आणि तेवढ्याच खात्रीच्या निष्कर्षासाठी अधिक उंदीर लागतील, असा हा आक्षेप होता. तो गंभीरपणे घेण्याजोगा आहे. आवश्यक नमुनासंख्या विचलनाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. उदाहरणार्थ, इतर गोष्टी समान असता प्रमाण विचलन १० टक्क्यांनी वाढले, तर प्राण्यांची संख्या सुमारे २१ टक्क्यांनी वाढवावी लागेल. तेच १० टक्क्यांनी घटले, तर सुमारे १९ टक्के प्राणी कमी लागतील. म्हणून या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष मोजमापानेच मिळणे आवश्यक होते.

ते २००४ मध्ये मिळाले. डेव्हिड वोल्फर, हानो व्युर्बेल आणि सहकाऱ्यांनी तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत साध्या व समृद्ध पिंजऱ्यांतील मादी उंदरांची तुलना केली. समृद्धीमुळे वर्तन-चाचण्यांतील विचलन वाढले नाही आणि प्रयोगशाळांच्या निष्कर्षांत विसंगतीही वाढली नाही. दुसरीकडे, कठोर एकरूपतेने निष्कर्ष सारखे येतात हे गृहीतकही त्यापूर्वीच डळमळीत झाले होते. जॉन क्रॅब आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड व ऑल्बनी आणि कॅनडातील एडमंटन येथे तेच वाण, तीच उपकरणे आणि तीच कार्यपद्धती वापरली. तरीही काही चाचण्यांचे निष्कर्ष ठिकाणानुसार बदलले. एकाच अतिशय विशिष्ट परिस्थितीत मिळालेला निष्कर्ष त्याच परिस्थितीपुरता खरा ठरण्याचा धोका असतो, ही बाब २००९ पासूनच्या लेखनात व्युर्बेल आणि सहकाऱ्यांनी आग्रहाने मांडली आहे.

हाताळणीचा प्रश्नही याच मालिकेतील आहे. उंदराला शेपटीला धरून उचलण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. लिव्हरपूल येथील जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की नळीतून किंवा ओंजळीत उचललेले उंदीर माणसाला कमी बुजतात आणि त्यांच्यातील चिंतेची लक्षणेही घटतात. चिंता कमी करणाऱ्या औषधाची चाचणी घेणाऱ्याने उंदीर शेपटीला धरून उचलला, तर तो औषधापूर्वीच चिंता निर्माण करतो. ही सुधारणा करण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. कर्मचाऱ्याचे प्रशिक्षण तेवढे लागते.

समृद्धी म्हणजे सरसकट उपाय मात्र नव्हे. काही वाणांचे नर गटात भांडतात आणि राखण करण्याजोगे एखादे घर पिंजऱ्यात ठेवल्यास ही भांडणे वाढू शकतात. पिंजरा साफ करताना घरट्याची जुनी सामग्री नव्या पिंजऱ्यात हलवल्यास ओळखीचा गंध टिकतो व आक्रमकता कमी होते. उलट मूत्राने भिजलेला भुसा हलवल्यास ती वाढते. तसेच परिसर बदलला, की आधारभूत मोजमापेही बदलतात. त्यामुळे जुन्या नोंदींशी तुलना करताना सावधगिरी हवी आणि निवासाचा तपशील शोधनिबंधात दिला पाहिजे. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालेली व २०२० मध्ये सुधारलेली ‘अराइव्ह’ मार्गदर्शक तत्त्वे हाच आग्रह धरतात.

कायदा आणि नियमन

प्राणिप्रयोगांच्या नीतीचा पाया १९५९ मध्ये विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी घातला. पर्याय शोधणे, प्राण्यांची संख्या घटवणे आणि पद्धतीत सुधारणा करून वेदना कमी करणे, अशी त्यांची त्रिसूत्री आहे. निवासव्यवस्था तिसऱ्या सूत्रात मोडते. प्राणिकल्याणाची ‘पाच स्वातंत्र्ये’ ही संकल्पनाही ब्रिटनमध्येच, १९६५ च्या ब्रँबेल समितीच्या अहवालातून विकसित झाली. भूक-तहान, अस्वस्थता, वेदना व आजार, भय व तणाव यांपासून मुक्ती आणि स्वाभाविक वर्तनाचे स्वातंत्र्य ही ती पाच होत. रिकामा पिंजरा पहिली अट पूर्ण करतो, पण शेवटची जवळजवळ पूर्णपणे नाकारतो.

भारतात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खाजगी विधेयकाने या विषयाला चालना मिळाली आणि १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा संमत झाला. या कायद्याच्या चौथ्या प्रकरणात प्रयोगांसंबंधी तरतुदी आहेत. कलम १४ नुसार ज्ञानवृद्धी व रोगनिवारणासाठी प्रयोग करणे बेकायदा नाही. कलम १५ नुसार नियंत्रण समिती नेमता येते. कलम १७ नुसार प्रयोगापूर्वी, प्रयोगादरम्यान आणि प्रयोगानंतर प्राण्यांना अनावश्यक वेदना होणार नाहीत, हे पाहणे समितीचे कर्तव्य आहे. यातील ‘प्रयोगापूर्वी’ आणि ‘प्रयोगानंतर’ या शब्दांमुळे निवासव्यवस्था आपोआप कायद्याच्या कक्षेत येते. ही समिती पूर्वी सीपीसीएसईए या नावाने ओळखली जात असे. आता तिला सीसीएसईए म्हणतात. १९९८ च्या नियमांनुसार प्राणिगृहांची नोंदणी व संस्थात्मक नीती समितीची मान्यता आवश्यक आहे. या समितीत पशुवैद्यक, बाहेरील संस्थेतील शास्त्रज्ञ आणि समाजाचे भान असलेला विज्ञानेतर क्षेत्रातील सदस्यही असतो.

तुलनेसाठी एक मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे. भारतीय कायद्यात माणसाखेरीज कोणताही सजीव प्राणी म्हणजे ‘प्राणी’ होय. अमेरिकेच्या १९६६ च्या प्राणिकल्याण कायद्यातून मात्र संशोधनासाठी पैदास केलेले उंदीर, रॅट आणि पक्षी २००२ च्या दुरुस्तीने वगळण्यात आले. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशात प्राण्यांना पुरेशी वैविध्यपूर्ण जागा व समृद्धी देण्याची अट आहे आणि तो २०१३ पासून लागू झाला.

आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१क (छ) नुसार सजीवांविषयी करुणा बाळगणे हे मूलभूत कर्तव्य आहे. जलिकट्टूविषयीच्या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच स्वातंत्र्यांचा उल्लेख केला होता. २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांच्या नंतरच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. पाच स्वातंत्र्यांची संकल्पना मात्र प्राणिकल्याणाच्या चर्चेत आजही मार्गदर्शक आहे. २०२३ मध्येच नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्या यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राणिविरहित चाचणीपद्धतींना मान्यता मिळाली. पर्याय वाढत जातील हे खरे, परंतु तोपर्यंत जे प्राणी पिंजऱ्यात आहेत त्यांचा प्रश्न आजचाच आहे.

खर्च कोणाचा, लाभ कोणाचा?

कागदाच्या पट्ट्या स्वस्त असतानाही त्या प्रत्येक पिंजऱ्यात का पोहोचत नाहीत? याचे उत्तर बाह्यतेच्या संकल्पनेत आहे. सामग्रीचा, निर्जंतुकीकरणाचा आणि साफसफाईच्या जादा वेळेचा खर्च प्राणिगृहाच्या देखभाल निधीतून होतो. अधिक विश्वासार्ह निष्कर्षाचा लाभ मात्र संशोधकाला, औषधनिर्मात्याला आणि अखेरीस रुग्णाला मिळतो. ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याच्या हाती लाभ येत नाही, तेथे गुंतवणूक समाजाला हितकारक असलेल्या पातळीपेक्षा कमी राहते. उलट चुकीच्या निष्कर्षाची किंमत निष्फळ चाचण्या, वाया गेलेला सार्वजनिक निधी आणि विनाकारण खर्ची पडलेले प्राणी या रूपांत सर्वांनाच मोजावी लागते.

यावर उपाय धोरणात्मक आहेत. संशोधन अनुदानात प्राण्यांच्या निवासासाठी स्वतंत्र तरतूद असावी. नीती समितीकडे येणाऱ्या प्रस्तावात घरट्याची सामग्री, गटरचना, तापमान आणि हाताळणीची पद्धत यांचा तपशील अनिवार्य असावा. प्राणिगृहातील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणास संशोधकांच्या प्रशिक्षणाइतकेच महत्त्व मिळावे, कारण उंदराचा रोजचा संबंध त्यांच्याशीच येतो.

समारोप

प्राणिकल्याण आणि विज्ञानाची प्रगती हे परस्परविरोधी पर्याय असून एकाची निवड दुसऱ्याच्या किमतीवर होते, असा समज रूढ आहे. उंदराच्या पिंजऱ्यापुरता तरी उपलब्ध पुरावा या समजाला आधार देत नाही. गारठलेला, बुजलेला आणि तार चावत राहिलेला उंदीर निरोगी प्राण्याचा प्रतिनिधी ठरू शकत नाही आणि त्याच्यावर बेतलेला निष्कर्ष माणसाच्या उपचारासाठी भक्कम आधार होऊ शकत नाही. कायद्याने सांगितलेली करुणा आणि विज्ञानाला हवी असलेली अचूकता या दोन्हींचा आरंभ येथे काही ग्रॅम कागदापासून होतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पसंतीची चाचणी आणि मागणीच्या लवचिकतेवर आधारित चाचणी यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.

२. ‘परिसर-समृद्धीमुळे प्रयोगातील विचलन वाढते’ या आक्षेपाचे उपलब्ध पुराव्याच्या आधारे परीक्षण करा.

३. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० मधील प्रयोगविषयक तरतुदी सांगून त्यांचा निवासव्यवस्थेशी असलेला संबंध विशद करा.

४. प्राणिगृहावरील खर्च समाजहिताच्या पातळीपेक्षा कमी का राहतो? बाह्यतेच्या संकल्पनेच्या आधारे चर्चा करा.